काकूंचं कुलूप: चाबीपासून पन्हाळीपर्यंत

10 जुलै 2024, बुधवार. सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्या परभणीतही जमीन हलली. भांडी वाजली, पंखे झुलले, माणसं रस्त्यावर आली. आमच्या गल्लीत एक घर सोडून सगळे बाहेर होते. त्या घरात 71 वर्षांच्या काकू एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका. मुलगा पुण्याला. त्यांच्या दारातून आवाज येत होता, "अरे दार उघडंना गेलंय! चाबी तुटली रे!"

धक्का काही सेकंदांचाच होता आणि त्यांच्या घराला काही झालं नाही. पण काकूंना बाहेर यायला दहा मिनिटं लागली, तीही मागच्या दाराने. त्या दारापुढे गॅसची टाकी आणि गव्हाची कोठी होती, ती सरकवून. त्या ओसरीवर बसल्या तेव्हा हात थरथरत होते. हातात चाबीची मूठ तेवढी उरलेली. पातं कुलपात.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. ते कुलूप माझ्याच दुकानातलं आणि ते जड झाल्याची तक्रार दोन वर्षांत तीनदा माझ्याकडेच आली होती. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, "काकू, थोडं तेल सोडा." दार बघायला एकदाही गेलो नाही. म्हणून हे प्रकरण नीट मांडून ठेवतोय.

घर 2003 सालचं. पुढचं दार सागवानी, साडेतीन फूट बाय सात फूट, जाडी 38 मिलिमीटर. त्याला मॉर्टाइज कुलूप, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून आत बसवलेली पेटी आणि तिच्यातून आरपार गेलेला सिलिंडर, म्हणजे चाबी जिच्यात जाते ती नळी. दोन्ही बाजूंनी चाबी लागणारा. शिवाय बाहेरून अल्ड्रॉप, म्हणजे टाळं लावायची जाड आडवी कडी, आणि आतून वर टॉवर बोल्ट, म्हणजे चौकटीत सरकवायची उभी कडी. काकू रात्री चाबीने कुलूप लावत, चाबी आतल्या बाजूला तशीच ठेवत आणि सकाळी पूजा आटोपली की उघडत.

भूकंपाच्या दिवशी पूजा चालू होती.

गल्लीतले लोक म्हणाले, धक्क्याने चौकट वाकली आणि दार अडकलं. वर्तमानपत्रात शोभेल असं कारण, पण खरं नव्हतं. पहिला पुरावा चाबीतच होता. तुटलेल्या कडेचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता आणि उरलेला पितळेसारखा चकचकीत. म्हणजे तडा आधीच गेलेला होता, बरेच महिने. रोज जोर लावून लावून तो वाढत गेला आणि त्या सकाळी शेवटचा धागा तुटला. चाबी बहुधा पहिल्या खाचेपाशीच तुटते, कारण धातू तिथे सगळ्यात कमी उरलेला असतो आणि पीळ तिथेच बसतो.

स्टेशनकडच्या रस्त्यावर चाबी बनवणारे एक चाचा बसतात. त्यांना बोलावलं. ते मागच्या दाराने आत आले, बॅटरी मारून पाहिलं आणि सगळ्यात आधी म्हणाले, "खेचू नका. आधी सरळ करावं लागतं." हे समजून घेण्यासारखं आहे. सिलिंडरच्या आत बारीक पिना असतात, प्रत्येकीवर स्प्रिंग. योग्य चाबी आत गेली की सगळ्या पिना एका रेषेत येतात आणि मधला दंडगोल फिरतो. तो फिरलेला असताना पिना चाबीच्या खाचांत अडकून बसतात. तुकडा तेव्हा कितीही ओढला तरी येत नाही. चाबी घालताना भोक जसं उभं असतं त्या जागी तो परत आणला तरच पिना सोडतात. चाचांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने दंडगोल उलटा फिरवून उभा केला आणि जिगसॉच्या पात्याच्या बारीक दातांनी तुकडा अलगद बाहेर ओढला. पाच मिनिटं. तुकड्याला काळा, चिकट लगदा लागलेला होता. बोटाने चोळला तर खोबरेलाचा वास.

आता बाहेरच्या चाबीने दार उघडायचं होतं. मी चाबी घातली, फिरेना. काकू मागून म्हणाल्या, "तसं नाही रे. आधी ओढून धर, मग जरा उचल, मग फिरव." मी मूठ धरून दार वर उचललं आणि चाबी फिरली.

या घराचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. काकूंना ते ठाऊक होतं. दोन वर्षं रोज त्या एका हाताने दार उचलत आणि दुसऱ्याने चाबी फिरवत होत्या. इतकी सवय झाली होती की तक्रार करताना त्यांनी ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जमीन हलली तेव्हा मात्र उचलायचं राहून गेलं. भेदरलेलं माणूस फक्त जोर लावतं.

मग आम्ही एक साधी परीक्षा केली. दुकानात कुणीही "कुलूप बदलायचंय" म्हणत आलं की आता मी हीच सांगतो. दार सताड उघडं ठेवायचं आणि चाबी फिरवून बघायची. जीभ, म्हणजे कुलपाचा पुढे येणारा दांडा, मोकळ्या हवेत सहज आत-बाहेर झाली तर आजार दारात आहे. दार उघडं असूनही जड जात असेल तर आजार कुलपात. काकूंच्या दारात उत्तर अर्धं-अर्धं आलं. उघड्या दारात चाबी फिरली पण चिखलातून फिरावी तशी. बंद दारात फिरलीच नाही. आजार दोन होते, आणि मी दोन वर्षं त्यांना एक समजत होतो.

काकूंना विचारत बसलो तेव्हा ऋतूंचा हिशेबही तसाच निघाला. पहिली तक्रार ऑगस्टची. दुसरी जानेवारीची, पण तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सकाळी फिरंना, दुपारी फिरतंय." तिसरी पुन्हा पावसाळ्यातली. एप्रिल-मे मध्ये कधीच नाही. हे मी तेव्हा ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

जानेवारीचं कोडं खोबरेल तेलाचं. मी "तेल सोडा" म्हणालो आणि काकूंनी देवघरातली बाटली उचलली. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली, पारा दहाच्याही खाली उतरतो. डोक्याला लावायची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते हे आपल्याकडे लहान पोराला माहीत आहे, पण तेच तेल कुलपात पिनांभोवती थिजलेलं असेल हे माझ्यासारख्या दुकानदाराच्या ध्यानात आलं नाही. दुपारी ऊन दारावर आलं की ते वितळायचं आणि चाबी फिरायची. उन्हाळ्यात थिजण्याचा प्रश्न नाही, पण धूळ येते. परभणीच्या उन्हाळ्यातली ती बारीक काळी धूळ तेलाला चिकटते आणि लगदा होतो. शिलाई मशीनचं तेल पातळ, पण धूळ तेही धरून ठेवतं. सिलिंडरला कोरडं वंगण लागतं. ग्राफाइटची भुकटी मिळते. ती नसेल तर मऊ शिशाची 2बी पेन्सिल चाबीच्या दोन्ही अंगांना आणि खाचांत घासायची आणि चाबी आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची. पेन्सिलीतही ग्राफाइटच असतं, चिकणमाती मिसळलेलं. फक्त आधीचं तेल धुऊन काढल्याशिवाय ग्राफाइट घालू नये, नाहीतर दोन्ही मिळून आणखी घट्ट लगदा होतो.

चाबीचंही एक प्रकरण निघालं. तुटलेली चाबी नकलेची नक्कल होती. कुलुपाबरोबर आलेल्या अस्सल चाब्या काकूंनी वास्तुशांतीनंतर लोखंडी कपाटात जपून ठेवल्या होत्या. रोजच्या वापराला एक नक्कल केली, ती झिजली, मग तिच्यावरून दुसरी. प्रत्येक वेळी मशीन आधीच्या चाबीची झीजसुद्धा इमानदारीने उतरवतं. अस्सल आणि तुटकी शेजारी ठेवल्या तर दोन खाचांत नखाला लागेल एवढा फरक होता. नक्कल नेहमी अस्सल चाबीवरून करावी, आणि अस्सल एक तरी न वापरता ठेवावी. काकूंनी ती ठेवली होती हे नशीब.

आता दाराचं. काकूंकडे काजळाची डबी होती. जिभेच्या टोकाला काजळ लावलं, दार लोटलं, चाबी हळूच फिरवून परत आणली आणि दार उघडलं. चौकटीवर जी पट्टी असते, जीभ जिच्या भोकात जाते, तिच्यावर काळा डाग पडला. भोकाच्या खालच्या कडेवर, जवळपास तीन मिलिमीटर खाली. त्या जागी पट्टी घासून गुळगुळीत झालेली, वर जुना गंज, मग पुन्हा चकाकी. एका सकाळच्या धक्क्याने असं होत नाही. हे वर्षांचं घासणं होतं.

दार खाली आलं होतं की चौकट वर गेली होती? मला वाटलं होतं दारच. खालच्या शहाबादी फरशीवर पाव वर्तुळाचा ओरखडा होता, तो दार उतरल्याची खूण. वरच्या बिजागरीचे चारातले दोन स्क्रू बोटाने फिरत होते. एक इंची स्क्रू, एवढ्या जड सागवानी दाराला. कोण्या मिस्त्रीने 2003 साली पेटीत होते ते लावले असणार. वरची बिजागरी सुटली की दार कुलपाच्या बाजूला झुकतं आणि जीभ खाली येते.

आमच्या ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी मात्र टेप काढून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. फरक सहा मिलिमीटर. काटकोनातल्या चौकटीचे कर्ण सारखे यायला हवेत. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांची भेग वर गेली होती, कुलपाच्या बाजूला. त्याच कोपऱ्यावर गच्चीची पन्हाळ. पावसाचं सगळं पाणी पाइपाने खाली येऊन थेट पायाजवळ पडत होतं. मिस्त्री म्हणाले, "माती प्यायली की फुगणारच ना. एका अंगाने घर उचलायलंय."

आमची माती काळी, कापसाची. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात, मृगाच्या पावसात त्या मिटतात. शेतकऱ्याला हे वरदान, कारण माती स्वतःच स्वतःला नांगरते. घराच्या पायाला हे फुगणं-आकसणं सोसावं लागतं. सगळीकडून सारखं झालं तर घर तरून जातं. एकाच कोपऱ्यावर पाणी पडत राहिलं तर तो कोपरा पावसाळ्यात वर येतो आणि उन्हाळ्यात बसतो. काकूंच्या चौकटीची कुलपाकडची बाजू पावसात वर सरकत होती आणि बिजागरीमुळे दार त्याच बाजूला खाली येत होतं. दोन्ही उलट दिशांनी. पट्टी वर, जीभ खाली. म्हणून ऑगस्टात अडायचं आणि मे मध्ये सुरळीत.

लाकडाचाही वाटा होता. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. पण पाणी सगळ्यात वेगाने पितं ते कापलेल्या टोकांतून, म्हणजे दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेतून. रंगारी दाराच्या दोन्ही अंगांना तीन-तीन हात मारतो, खालची कडा कोरी सोडतो, कारण ती दिसत नाही. मिस्त्रींनी आरसा खाली धरून दाखवली. 21 वर्षांत तिला ब्रश लागला नव्हता. रोज सडा घालताना पाणी तिथेच उडायचं.

मुलाचा पुण्याहून फोन आला, "नवीन भारीतलं कुलूप बसवा, पैशाचा विचार करू नका." मी तेव्हा कुलूप विकू शकलो असतो. विकलं नाही. त्या चौकटीत कितीही भारी कुलूप बसवलं असतं तरी पुढच्या ऑगस्टात काकू पुन्हा दार उचलत बसल्या असत्या.

कामं या क्रमाने झाली. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून भोकांत सागाच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या, दुसऱ्या दिवशी दोन इंची स्क्रू घातले. दार दोन मिलिमीटर वर आलं. काजळाचा डाग आता भोकाच्या कडेला टेकला. उरलेल्यासाठी पट्टीचं भोक कानशीने खालच्या अंगाला घासून मोठं केलं. पन्हाळीला पीव्हीसीचा कोपरा आणि पाइप जोडून पाणी सहा फूट लांब, रस्त्याच्या नालीकडे नेलं. स्क्रू आणि पाइप मिळून तीनशे रुपयेही लागले नाहीत. मिस्त्रींची मजुरी पाचशे.

दाराला रंधा मारू दिला नाही. शेजारचे म्हणत होते, घासतंय तर थोडं छिलून टाका. पावसाळ्यात फुगलेलं दार छिललं की उन्हाळ्यात फट पडते, आणि त्या फटीतून मग जीभच पट्टीपर्यंत नीट पोचत नाही. खालच्या कडेला रंग नोव्हेंबरात दिला, लाकूड वाळल्यावर. दार उतरवून, दोन हात.

जुना सिलिंडर मी दुकानात आणला. पेट्रोलने तीनदा धुतला, वाळवला, ग्राफाइट फुंकलं आणि अस्सल चाबी घातली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. म्हणजे बदलायची गरज नव्हती. तरीही आम्ही तो बदलला, आणि त्याचं कारण काकूंनी सांगितलं.

1993 साली त्या औसा तालुक्यात शाळेवर होत्या. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या भाड्याच्या माळवदी खोलीत झोपल्या होत्या. भिंत कलली, दार चौकटीत आवळलं, कडी निघेना. घरमालकांनी बाहेरून पहार घालून दार फोडलं. "तवापासून मी कडी लावून झोपतच नव्हते," त्या म्हणाल्या. "मग इथं एकटी राहायला लागले, चोऱ्या वाढल्या, म्हणून कुलूप." एकटेपणाच्या भीतीने घेतलेलं कुलूप दुसऱ्या भीतीच्या वेळी उघडलं नाही. त्या हे सांगत होत्या तेव्हा आवाज एकदम शाळेतल्या बाईंचा झाला, कोरडा आणि स्पष्ट. मला मान वर करवत नव्हती.

मी त्यांना आतून चाबीऐवजी मूठ असलेला सिलिंडर दाखवला. बाहेरून चाबी, आतून नुसती फिरवायची मूठ. अंधारात चाबी शोधायला नको, ती आत तुटायचा प्रश्न नाही. आणखी एक फायदा आहे. दोन्हीकडून चाबी लागणाऱ्या बहुतेक साध्या सिलिंडरांत आत चाबी अडकवून ठेवली तर बाहेरची चाबी चालत नाही. काकूंना आत चक्कर आली असती तर आमच्याकडे दुसरी चाबी असूनही उपयोग नव्हता. मुठीच्या सिलिंडरात ती अडचण येत नाही. दारात काच किंवा जवळ जाळीची खिडकी असेल तर मात्र मूठ बसवताना विचार करावा, बाहेरून हात घालून ती फिरवता येते. काकूंचं दार भरीव, खिडकी पाच फुटांवर.

मापं घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि चूक इथेच होते. दाराच्या कडेला जीभ असते त्या पट्टीत एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा, चाबी घालून किंचित फिरवायची म्हणजे सिलिंडरचं पोटातलं पातं पेटीच्या रेषेत येतं, आणि सिलिंडर सरळ बाहेर. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजायचं. काकूंचं 30 आणि 30 निघालं, म्हणजे 60 मिलिमीटरचा. बाहेरच्या बाजूला तो दारावरच्या मुठीच्या पट्टीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरहून जास्त पुढे नको, पक्कडीने धरून मोडता येतो. नवा सिलिंडर एकादशीच्या आदल्या दिवशी, 16 जुलैला बसवला. किंमत साडेआठशे. ती मी घेतली नाही, काकूंनी टेबलावर ठेवून दिली आणि उठल्या, म्हणून घ्यावी लागली.

वरचा टॉवर बोल्टही काढला. तो लावायला त्या स्टुलावर चढत होत्या. कंबरेच्या उंचीला साधी कडी बसवली. मागच्या दारापुढची कोठी कायमची हलवली. त्या दारातून बाहेर पडायला आता काही सरकवावं लागत नाही.

ऑगस्ट गेला, सप्टेंबरची झड गेली. मूठ दोन बोटांनी फिरत राहिली. भिंतीच्या भेगेवर मिस्त्रींनी पेन्सिलीने आडवी रेघ आणि तारीख घातली होती, ती वाढली की नाही कळावं म्हणून. जानेवारीत एका सकाळी काकूंनी फोन केला. थंडी चांगलीच होती. मला वाटलं, पुन्हा अडलं.

"अडलं नाही रे," त्या म्हणाल्या. "उघडून बाहेर बसलेय. शेकोटी केलीय. ये च्या प्यायला."

पुढच्या जूनमध्ये पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर मी पुन्हा काजळ लावून पाहिलं. डाग भोकाच्या आत पडला, खालच्या कडेपासून दीड मिलिमीटर वर. भेग रेघेपुढे गेलेली नव्हती. पाइपाचं तोंड पाल्यापाचोळ्याने तुंबलं होतं, ते साफ केलं आणि पुढची मोजणी ऑगस्टअखेर म्हणून चौकटीच्या मागे तारीख लिहून ठेवली.